अंगठा, वेठ आणि संगणक

(झरी, तालुका तलासरी येथे शिक्षक, सेवा केंद्रांचे चालक व तरुण कार्यकर्ते यांच्यासमोर केलेले भाषण. लेखी स्वरूप देताना काही पुनरुक्ती गाळली आहे.)



झरीला येऊन संगणकाविषयी बोलावे, हा प्रकार आपल्यापैकी काहींना विचित्र वाटला असेल. मलाही प्रथम तो तसाच वाटला. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले. संगणकाचे तंत्र मला फारसे कळत नाही, आणि जे कळते ते माझ्या नातवंडांनी सांगितलेले आहे. परंतु ज्या विषयावर बोलण्याची माझी इच्छा आहे तो तंत्राचा नाही, संमतीचा आहे. आणि संमतीविषयी बोलायचे तर झरीइतके योग्य गाव महाराष्ट्रात मला दुसरे दिसत नाही.

२३ मे १९४५ रोजी या गावी सुमारे पाच हजार आदिवासी जमले होते. त्याच वर्षीच्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली होती आणि तिथे गेलेले वारली गडी परत येऊन रानोमाळ बोलत होते. झरीच्या सभेत ठरले ते असे: वेठ करायची नाही, आणि दिवसाला बारा आणे रोख मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या कामावर जायचे नाही. पुढचा इतिहास आपल्या घराघरांत ठाऊक आहे. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याच्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण गेले. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात तो सारा काळ लिहून ठेवला आहे.

मला आज त्या इतिहासातील एकाच गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. लग्नासाठी शेदोनशे रुपये उचलणारा वारली लग्नगडी होत असे. तो आणि त्याची बायको सावकाराकडे राबत, आणि कर्ज काही फिटत नसे. सिमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्याने १९३० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारला दिलेल्या अहवालातही या पद्धतीचे वर्णन आहे. आता कागदोपत्री पाहिले तर या व्यवहारात जबरदस्ती कोठे होती? कर्ज मागायला तो आपल्या पायांनी गेला होता. कागदावर अंगठा त्याचाच होता. कागदात काय लिहिले आहे हे त्याला वाचता येत नव्हते, आणि वाचता आले असते तरी लग्न करायचे तर दुसऱ्या कोणाकडे जाण्याची सोय नव्हती. कायद्याच्या भाषेत तो करार होता. प्रत्यक्षात काय होते, ते तुमच्या आजोबा-पणजोबांनी भोगले आहे.

एक खुलासा आधीच करतो. वेठबिगारीत माणसाच्या पाठीवर चाबूक होता. संगणकावर ‘मान्य आहे’ हे बटण दाबणाऱ्याच्या पाठीवर नाही. या दोहोंना एका तागडीत तोलणे हा त्या माणसांचा अपमान होईल. मी दुःखाची तुलना करीत नाही, कराराच्या घडणीची करतो. वाचता न येणारा कागद, दुसरीकडे जाण्याची सोय नसणे, आणि नंतर ‘तूच तर अंगठा दिलास’ असे ऐकवले जाणे, एवढी तीन लक्षणे मी पाहतो.

काही दिवसांपूर्वी याच तालुक्यातील एका सेवा केंद्रात मी बसलो होतो. बाहेर जातीच्या दाखल्यासाठी आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी पंधरा-वीस माणसे उभी होती. त्यांतील दोन बाया डोंगराकडच्या पाड्यावरून पहाटे निघालेल्या. अकराच्या सुमारास संगणकाने आपले काम थांबवले आणि पडद्यावर सूचना आली की नवे बदल बसवले जात आहेत, यंत्र बंद करू नये. पाऊण तास ते यंत्र स्वतःशीच काहीतरी करीत राहिले. जेव्हा ते जागे झाले तेव्हा पडद्याच्या तळाशी हवामान, परदेशी नटांच्या बातम्या आणि कसल्याशा मदतनीसाचे नवे चिन्ह येऊन बसले होते. केंद्र चालवणारी मुलगी ओशाळून म्हणाली, “सर, मी काही केले नाही, ते आपोआप आले.” मी विचारले, मग ‘मान्य आहे’ कोणी दाबले? ती म्हणाली, “दाबले नाही तर पुढे जातच नाही, सर.”

माझ्या प्रदीर्घ अध्यापनात संमतीविषयी इतके नेमके वाक्य मी ऐकले नव्हते.

माझा स्वतःचा अनुभव सांगायचा तर तो याहून किरकोळ आहे. माझे लेख मी घरच्या यंत्रात ठेवतो असे मी समजत होतो. एके दिवशी कळले की एका बदलानंतर ते कंपनीच्या दूरच्या साठ्यात जाऊ लागले आहेत, आणि तो फुकटचा साठा भरत आल्याने मी आता दरमहा पैसे भरावेत. माझे सामान मला न विचारता त्यांच्या वखारीत नेले आणि वर वखारीचे भाडे मागितले! पण व्यक्तिगत गाऱ्हाणी बाजूला ठेवू. सार्वजनिक दप्तरात काय नोंदले गेले आहे, ते अधिक महत्त्वाचे आहे.

संगणक चालू करताच जी प्रथम जागी होते आणि इतर सर्व कामांना वाट करून देते ती ऑपरेटिंग सिस्टिम; मी तिला नुसते प्रणाली म्हणेन. घरगुती आणि कचेरीच्या संगणकांवर बहुतांशी मायक्रोसॉफ्ट या एका अमेरिकन कंपनीची विंडोज ही प्रणाली असते. ती आपण वेगळी विकत घेत नाही. यंत्राबरोबरच ती येते आणि तिची किंमत यंत्राच्या किमतीत मुरलेली असते. शेतकऱ्याला याचे नवल वाटू नये. युरियाची गोणी मागितली की दुकानदार नको असलेली औषधाची बाटली गळ्यात मारतो, त्याला आपल्याकडे ‘लिंकिंग’ म्हणतात आणि त्याविरुद्ध दरवर्षी ओरड होते. प्रणालीच्या बाबतीतही ही ओरड जुनी आहे. विंडोजबरोबर स्वतःचा ब्राउझर बांधून दिल्याबद्दल अमेरिकेच्या सरकारने १९९८ साली मायक्रोसॉफ्टवर खटला भरला. युरोपीय आयोगाने २००४ मध्ये ४९.७ कोटी युरोंचा दंड केला आणि गाणी-चित्रपट वाजवणारा भाग काढलेली आवृत्ती विकायला लावली. कंपनीने ती विकायला ठेवली, मात्र पूर्ण आवृत्तीच्याच किमतीला! अर्थातच ती कोणी घेतली नाही. मक्तेदारीला कायद्याचे अक्षर पाळून त्याचा प्राण कसा काढून घेता येतो, याचे हे उदाहरण मी वर्गात आवडीने सांगत असे.

तेव्हाच्या लिंकिंगमध्ये नको असलेली वस्तू गळ्यात पडे. आज त्याच वाटेने आपल्याकडून काहीतरी नेलेही जाते. २०१५ च्या जुलैत विंडोज १० आली. तिच्यात यंत्राच्या वापराची माहिती कंपनीकडे पाठवण्याची व्यवस्था अंगभूत होती. फ्रान्सच्या माहिती-संरक्षण आयोगाने जुलै २०१६ मध्ये कंपनीला नोटीस दिली. माणूस कोणते प्रोग्रॅम उतरवतो आणि प्रत्येकावर किती वेळ घालवतो इतकी माहिती गोळा करणे आवश्यकतेहून अधिक आहे, असे आयोगाचे म्हणणे होते. वर्षभरात कंपनीने गोळा होणारी माहिती जवळजवळ निम्म्यावर आणली आणि नोटीस मिटली. म्हणजे उरलेली निम्मी प्रणाली चालण्यासाठी अपरिहार्य नव्हती, हे कृतीने कबूल झाले. एकट्यादुकट्या ग्राहकाने हजार पत्रे लिहिली असती तरी हे घडले नसते, हेही लक्षात ठेवा.

यातही एक वर्गभेद आहे, आणि तो फारसा कोणी बोलून दाखवत नाही. ही माहिती पाठवणे पूर्णपणे बंद करण्याची सोय विंडोजमध्ये आहे. पण ती मोठ्या उद्योगांसाठी आणि शिक्षणसंस्थांसाठी विकल्या जाणाऱ्या आवृत्त्यांत. सामान्य माणसाच्या घरगुती आवृत्तीत ‘आवश्यक’ म्हणून ठरवलेली माहिती जातच राहते. बँकेला शांतता विकत मिळते, किराणा दुकानदाराला मिळत नाही.

आता २०२५ चे प्रकरण पाहा. विंडोज १० चा सांभाळ कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. नव्या विंडोज ११ ला सुरक्षेची विशिष्ट चिप आणि साधारणपणे २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट चालणारी असंख्य यंत्रे एका तारखेला ‘जुनी’ ठरली. सांभाळ थांबला की यंत्र बंद पडत नाही. पण त्यात सापडणारी भगदाडे कोणी बुजवत नाही आणि चोराला वाट मोकळी होते. घरगुती वापरणाऱ्यांना कंपनीने आणखी एक वर्ष दुरुस्त्या देऊ केल्या. त्यासाठी तीन मार्ग ठेवले: ३० डॉलर भरा, किंवा कंपनीच्या बक्षीस योजनेतील हजार गुण खर्च करा, किंवा आपल्या यंत्राच्या मांडणीची नोंद कंपनीच्या दूरच्या साठ्यात ठेवू द्या, मग पैसे नकोत.

या तिसऱ्या मार्गापाशी थोडे थांबा. ३० डॉलर म्हणजे अडीच हजारांहून अधिक रुपये. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. म्हणजे ही आठ दिवसांहून अधिक मजुरी झाली. नोंदणीसाठी कंपनीचे खाते तिन्ही मार्गांना लागते, पण ज्याच्याजवळ रोकड आहे तो रोकड देईल आणि आपल्या यंत्राच्या मांडणीची नोंद स्वतःपाशी ठेवील. ज्याच्याजवळ नाही तो त्या खात्याला आपल्या यंत्राची मांडणीही जोडून देईल, आणि त्याचे व कंपनीचे नाते एका वर्षाने संपणारे राहणार नाही. रोकड नसलेल्याने स्वतःला बांधून द्यावे, ही घडण झरीच्या माणसांना मी समजावून सांगायची गरज नाही. युरोपातील ग्राहक संघटनांनी आक्षेप घेतला तेव्हा तिथल्या लोकांसाठी कंपनीने साठ्याची अट काढली. खात्याची अट मात्र राहिली. आपल्याकडे तीनही मार्ग जसेच्या तसे राहिले. प्रणाली तीच, कंपनी तीच, फरक फक्त पलीकडे संघटित आक्षेप होता की नव्हता याचा.

आणखी एक प्रकरण सांगितले पाहिजे, कारण सेवा केंद्रांशी त्याचा संबंध येऊ शकतो. २० मे २०२४ रोजी याच कंपनीने ‘रिकॉल’ नावाची सोय जाहीर केली. दर काही सेकंदांनी पडद्यावर जे दिसते आहे त्याचे छायाचित्र घ्यायचे, त्यातील अक्षरे वाचायची आणि पुढे कधीही शोधता येईल असे ते सारे यंत्रात साठवायचे, अशी ती कल्पना. छायाचित्रे यंत्रातच राहतात, बाहेर जात नाहीत, असे आश्वासन होते. पण यंत्रात शिरलेल्या कोणालाही तो साठा सहज वाचता येतो, हे अभ्यासकांनी थोड्याच दिवसांत दाखवून दिले. गदारोळ झाला, सोय लांबणीवर पडली, आणि एप्रिल २०२५ मध्ये कुलूपबंद करून, मालकाने चालू केली तरच चालेल अशा रूपात ती आली. तिला अगदी नव्या घडणीची यंत्रे लागतात, तेव्हा इथल्या केंद्रांतील यंत्रांवर आज ती चालणार नाही. म्हणून निर्धास्त राहू नये, यंत्रे बदलतात.

प्रश्न असा की मालकाने चालू केली तर चालेल, यातील मालक कोण? केंद्रचालकाच्या पडद्यावर दिवसभर दुसऱ्यांची कागदपत्रे असतात. आधारचा क्रमांक, जातीचा दाखला, बँकेचे पासबुक, वनहक्काचा दावा, आजारपणाचे कागद. यंत्र चालकाचे, बोट चालकाचे, आणि माहिती रांगेत उभ्या असलेल्या बाईची. तिला कोणी काही विचारलेच नाही. तिचा अंगठा बोटाच्या ठशाच्या यंत्रावर घेतला जातो तो दाखल्यासाठी; तिच्या कागदांचे चित्र साठवण्यासाठी नव्हे. इथे खोट्या संमतीचासुद्धा प्रश्न येत नाही.

‘आम्हाला लपवण्यासारखे काय आहे?’ असे मला पुष्कळदा विचारले जाते. विचारणारे बहुधा निवृत्तिवेतनधारक असतात. ज्याचा वनहक्काचा दावा वर्षानुवर्षे अडकला आहे, त्या माणसाला हे विचारून पाहावे.

दुसरे उत्तर सुशिक्षितांचे असते: “त्यात काय, अमुक ठिकाणी जाऊन तमुक खूण काढा.” हे लोक सद्‌हेतूने बोलतात, आणि ती माहिती उपयोगीही असते. पण पुढच्या बदलात खूण परत येते, नवे दालन उघडते, जुने बटण दुसरीकडे जाते. चतुर माणसाने स्वतःपुरते निसटावे, हा सल्ला सावकारीच्या काळातही मिळत होता. रानवाटेने जा, कारभाऱ्याच्या दृष्टीस पडू नको. झरीच्या सभेत निसटण्याच्या युक्त्या सांगितल्या गेल्या नाहीत. तिथे कामाची अट ठरली, आणि ती सर्वांसाठी एकच होती.

मग दुसरा मार्ग कोणता? अॅपलची यंत्रे महाग आहेत, आणि तीही पूर्ण निर्मळ नाहीत. नोव्हेंबर २०२० मध्ये त्या कंपनीचे एक दूरचे यंत्र मंदावले, तेव्हा जगभरच्या संगणकांवर साधे प्रोग्रॅम उघडेनात. प्रोग्रॅम उघडताना कंपनीकडे विचारणा जाते, हे पुष्कळांना त्या दिवशी समजले. लिनक्स या मुक्त प्रणालीत मूळ आराखडा कोणालाही वाचता येतो, बदलता येतो. ती मला तत्त्वतः जवळची. परंतु तिलाही सोवळ्यात बसवू नका. तिच्या उबुंटू या प्रसिद्ध आवृत्तीने २०१२ साली घरच्या यंत्रातला शोध अॅमेझॉनच्या दुकानाशी जोडून दिला होता. फरक असा की आराखडा उघडा असल्याने ते लपले नाही, टीका झाली, आणि २०१६ च्या आवृत्तीत ते आपसूक चालू राहणे थांबले.

व्यवहारातील अडचण मी झाकणार नाही. बोटांचे ठसे घेणारे यंत्र, अंकीय सहीची किल्ली, छपाईचे यंत्र यांचे प्रोग्रॅम पुष्कळदा विंडोजसाठीच केलेले असतात. केंद्रचालक मुलीला उद्या लिनक्स बसवायला सांगणे म्हणजे तिचा रोजगार बुडवणे आहे. आपली सवयही आड येते. महाराष्ट्रात लक्षावधी मुले एमएस-सीआयटी शिकली; त्यातील ‘एमएस’ म्हणजे महाराष्ट्र स्टेट. माझ्या कित्येक विद्यार्थ्यांची मात्र ‘एमएस’ म्हणजे मायक्रोसॉफ्ट अशी प्रामाणिक समजूत होती, आणि शिकवले काय गेले हे पाहता ती अगदीच चूक म्हणवत नाही.

केरळने ही सवय शाळेतच बदलली. तिथल्या सरकारी शाळांत सुमारे वीस वर्षे संगणकाचे शिक्षण मुक्त प्रणालीवर चालते. राज्याची स्वतःची संस्था ती प्रणाली मल्याळमच्या सोयींसह तयार करते आणि शिक्षकांना प्रशिक्षण देते. केंद्र सरकारच्या सी-डॅकने ‘बॉस’ नावाची प्रणाली २००७ मध्ये काढली, आणि सरकारी कामात मुक्त प्रणालींना प्राधान्य द्यावे असे धोरण २०१५ मध्ये जाहीर झाले. धोरण आहे, प्रणाली आहे. खरेदीच्या कागदावर मात्र तीच ती जुनी नावे येतात. केरळात हे जमले याचे कारण तिथला ग्राहक एकटा शिक्षक नव्हता, राज्य होते.

हा मुद्दा केवळ खासगीपणाचा राहिलेला नाही. जुलै २०२५ मध्ये युरोपच्या निर्बंधांचे कारण झाले आणि वाडीनारला तेलशुद्धीकरणाचा कारखाना असलेल्या नायरा एनर्जी या भारतीय कंपनीच्या सेवा मायक्रोसॉफ्टने थांबवल्या. पैसे भरलेले होते. कंपनी दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेली आणि सेवा परत आल्या. नायरापाशी वकील होते. ग्रामपंचायतीपाशी कोण असणार?

कायद्याचे दार अगदीच बंद नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमती ही मोकळी, विशिष्ट, समजून दिलेली, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी असे म्हटले, आणि मागणीची सूचना आठव्या परिशिष्टातील भाषेत मिळण्याचा हक्क दिला. मराठी त्यात आहे. कायद्यातच एक उदाहरण आहे: दूरस्थ वैद्यकीय सल्ला देणाऱ्या सेवेने रुग्णाच्या फोनमधील नावांची यादी मागितली आणि त्याने होकार दिला, तरी यादीपुरता तो होकार चालणार नाही, कारण सल्ल्यासाठी तिची गरज नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम निघाले. प्रमुख जबाबदाऱ्यांना अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. सरकारने स्वतःच्या यंत्रणांना सूट देण्याची वाट मात्र याच कायद्यात राखून ठेवली आहे, आणि ती वाट लहान नाही. तरीही सेवा केंद्रातील त्या मुलीचे वाक्य या कायद्याच्या व्याख्येशेजारी ठेवून पाहा. पुढे जातच नाही म्हणून दाबले, ही संमती मोकळी आहे की बिनशर्त?

माझे म्हणणे व्यक्तीला उद्देशून नाही, खरेदी करणाऱ्याला उद्देशून आहे. आश्रमशाळा, पंचायत समिती, आदिवासी विकास विभाग हे मोठे ग्राहक आहेत. पुढची यंत्रे घेताना त्यांनी काही अटी घालाव्यात. माहिती पाठवणे पूर्ण बंद करता आले पाहिजे, आणि तेही जादा पैसे न भरता. यंत्र चालू करायला परदेशी कंपनीचे खाते लागता कामा नये. कामाच्या वेळेत यंत्राने आपण होऊन थांबू नये. करारपत्र मराठीत असावे. ठसे घेणारी यंत्रे मुक्त प्रणालीवरही चालतील असे विक्रेत्याने लिहून द्यावे; ही अट मान्य झाली की बाकीच्या निम्म्या अडचणी सुटतात. ग्रामसभेने यासाठी ठराव केला तर तो हास्यास्पद ठरेल असे मला वाटत नाही. बारा आण्यांचा ठरावही शहरातल्या शहाण्यांना हास्यास्पद वाटला असणार.

येताना मी माझ्या यंत्रावरील करारपत्र छापून आणले आहे. ते इंग्रजीत आहे, बारीक अक्षरांत आहे, आणि मी ते विकत घेतल्यापासून कालपर्यंत एकदाही वाचले नव्हते. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने हे कबूल करायला लाज वाटते. जेवणानंतर इथल्या दोन शिक्षकांबरोबर बसून त्याचा मराठी सारांश करायचा विचार आहे. ज्यांना वेळ असेल त्यांनी थांबावे. मला काही कलमे समजलेली नाहीत.